पत्र्याकडे तोंड करून

साहेब, माझी मान तुम्ही जाळलीत.

तुमच्या कागदावर त्याला 'उपकरणाची दिशा कायम करणे' असं म्हटलंय. वाचायला किती सोज्वळ! इथे मनोऱ्यावर मात्र भर दुपारी निळ्या ठिणग्या उडाल्या, लोखंड वितळून ओघळलं आणि माझी मान खांबाला चिकटली. साडेतीन वर्षं झाली. तेव्हापासून मला ना डावीकडे वळता येत, ना उजवीकडे, ना वर, ना खाली. तुमचं नाव मी घेत नाही. भिते म्हणून नाही. एवढ्या काळात तुमच्या खुर्चीवर तीन जण बसून गेले आणि तिघांनीही मला अशीच ठेवली. मग नाव कोणाचं घेऊ? मी खुर्चीशीच बोलते.

मित्रांनो, तुम्हीही ऐका. मी एक जुनी दुर्बीण आहे. बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला, असीरगडाच्या रस्त्यावरून आत वळलं की केळीच्या बागा संपतात आणि भामझिरीचा तलाव लागतो. त्याच्या काठावर एक लोखंडी मनोरा आहे. त्या मनोऱ्यावर खांबाला जखडलेली जी लांबट, काळी, पोपडे निघालेली वस्तू दिसते ना, ती मी. लोक इथे पक्षी बघायला येतात. माझ्यातून मात्र कुणालाही पक्षी दिसत नाही. का दिसत नाही, ते सांगते.

माझा जन्म अंबाल्याचा. लहानसा कारखाना होता, भिंतींना काचेची पांढरी भुकटी चिकटलेली. तिथे एक बाई माझ्या काचा घासायची. काच उजेडात धरायची, तोंडाची वाफ सोडायची, ओढणीच्या टोकाने पुसायची, मान हलवायची आणि पुन्हा घासायला बसायची. असे किती दिवस गेले, मला माहीत नाही. शेवटी एका सकाळी तिने मला खिडकीतून लांबच्या पाण्याच्या टाकीकडे रोखलं. टाकीवर कावळा बसला होता. तिला त्याच्या पायाची नखं दिसली आणि ती हसली. ते हसू म्हणजे मला मिळालेलं पहिलं आणि शेवटचं प्रमाणपत्र.

सहा वर्षांपूर्वी मी इथे आले. उद्घाटन मोठ्या थाटात झालं. प्रमुख पाहुणे मनोऱ्यावर चढले, माझ्या मागच्या काचेला डोळा लावला आणि मोठ्याने म्हणाले, "वा! क्या सुंदर पक्षी हैं!" टाळ्या पडल्या. फोटो निघाले. माझ्या पुढच्या काचेवरचं टोपण कुणी काढलंच नव्हतं. आत मिट्ट काळोख होता. हे फक्त दोघांनाच कळलं, मला आणि उखर्डूला.

उखर्डू म्हणजे ह्या तलावाचा जुना भोई. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, डोळे मात्र टिटवीसारखे. आयुष्यभर जाळं टाकलं, आणि म्हातारपणी मला सांभाळायचं काम त्याला मिळालं. पाहुणे उतरल्यावर त्याने हळूच टोपण काढलं आणि माझ्या नळीवर हात ठेवून म्हणाला, "बाई, आता तू पाह्य. त्यायचं झालं पाह्यनं."

ती अडीच वर्षं माझी खरी. दर रविवारी सकाळी रंजिता यायची. ती बहादरपूरच्या शाळेत शिकवते, आणि शाळा नसली की लोकांना तलावाभोवती हिंडवते. शाळेची पोरं, शहरातल्या इतवाऱ्यातले दुकानदार, कधी एखादं नवं जोडपं. तिचा रस्ता ठरलेला. आधी बाभूळबन, तिथे रातबगळे दिवसा पोतडीसारखे फांद्यांवर झोपलेले. मग शिंगाड्याचं पाणी, तिथे कमळपक्षी पानांवरून चालतो आणि बघणाऱ्याला वाटतं की आता बुडेल, मग बुडेल. मग पाणकावळ्यांचा खडक, धोब्याने कपडे वाळत घालावेत तसे पंख पसरून बसलेले. आणि सगळ्यांत शेवटी मनोरा. खाली उभी राहून ती म्हणायची, "इथपर्यंत पाय चालले. आता तोंड बंद, डोळे चालू."

उखर्डूची एक रीत होती. वर आल्या आल्या तो कुणालाही माझ्यापाशी फिरकू द्यायचा नाही. "पहिले गुपचूप बसा. तुमी आले ते पाखरायले समजलं. तुमी बसले ते बी समजू द्या." लोक चुळबुळायचे. एखादा मोबाइल काढायचा, तर उखर्डू असा बघायचा की मोबाइल आपोआप खिशात जायचा. मग पाणी निवळायचं, पाखरं पुन्हा आपल्या कामाला लागायची, आणि तेव्हा कुठे तो मला हळूच फिरवायचा. बुटक्या पोरांसाठी केळीचा एक प्लॅस्टिकचा क्रेट पालथा ठेवलेला असे. त्यावर चढून एका मुलीने माझ्यातून पहिल्यांदा खंड्या बघितला आणि किंचाळली, "मॅडम, ह्याने मासा आधी आपटला, मग खाल्ला!" जणू तिच्याच ताटातला आपटला होता.

पण सगळे थांबायचे ते बेटासाठी. तलावाच्या मधोमध, मनोऱ्यापासून दोनशे मीटरवर, वाळूगोट्यांचं एक उघडं बेट आहे. झाड नाही, गवत नाही. डाव्या टोकाला वठलेल्या बाभळीचा एक बुंधा, आणि उजवीकडे, पलीकडच्या काठावर, मारुतीचं पांढरं देऊळ. चैत्रात पाणी उतरलं की त्या बेटावर नदीसुरय येतात. पिवळी चोच, काळी टोपी, तांबडे पाय, शेपूट कात्रीसारखी. घरटं बांधत नाहीत. गोट्यांतच छाती घासून एक वाटी करतात आणि तिच्यात अंडी घालतात. अंडी दिसतातही गोट्यांसारखीच. दहा पावलांवरून माणसाला दिसणार नाहीत. माझ्यातून दिसत.

इथल्या भोयांचा एक नेम आहे. रामनवमी झाली की होड्या काठावर ओढून पालथ्या घालायच्या आणि पिल्लं उडेपर्यंत बेटाकडे वल्हं मारायचं नाही. हा नेम कुठल्या पुस्तकात नाही. तुमच्या फायलीत तर नाहीच नाही.

मग दिशा कायम करायची वेळ का आली? ऐका.

चार टवाळ पोरं एका दुपारी वर चढली आणि त्यांनी मला पलीकडच्या घाटाकडे फिरवलं. तिथे बाया कपडे धूत होत्या. मला वळवलं की मला वळावं लागतं, मित्रांनो. मला पापणी नाही. त्या बायांनी ओळखलं, ओरडल्या, तक्रार केली. बरोबर केली. उखर्डूने पोरांची नावं सांगितली, बापांची नावं सांगितली, घरं दाखवायलाही निघाला. पण त्यांतल्या एकाचा बाप कुणाच्या तरी ओळखीचा निघाला. मग साहेब, तुम्ही मनोऱ्यावर आलात, माझ्याकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, "फसाद की जड़ ये है. हिची दिशा फिक्स करा."

उखर्डू हात जोडून म्हणाला, "साहेब, पोरांले सोडू राह्यले अन् हिची मान धरू राह्यले?"

"मला शिकवू नका, बाबा."

"बरं, मंग बेटाकडे तरी फिक्स करा."

"असं कसं? मंजुरी पाहिजे. उद्घाटनाच्या फोटोत जी दिशा आहे, तीच मंजूर दिशा."

फोटो मागवला गेला. त्यात पाहुणे माझ्यातून पूर्वेकडे बघत होते, कारण फोटोवाला पूर्वेला उभा होता. बेट उत्तरेला. टोपण लावलेल्या दुर्बिणीतून ज्यांनी अंधार बघितला, त्यांची दिशा मंजूर झाली. रितेश नावाचा वेल्डर आला. पोरगेलासा, कामाचा पक्का. तो दोनदा म्हणाला, "सर, पक्का? बाद में कटर ही लगेगा." तुम्ही म्हणालात, "पक्का."

आणि महिन्याभराने त्याच पूर्वेच्या कठड्यावर, माझ्यापासून पाच हातांवर, तुम्ही एक मोठा फलक ठोकलात. 'येथे आढळणारे पक्षी'. रंजिताने तो वाचून कपाळाला हात लावला. बारा चित्रांतला एक पक्षी आपल्या देशातच नाही. केळीएवढी रंगीत चोच आहे त्याची. बुऱ्हाणपूरची केळी बघून आला असेल, असं मालूबाई म्हणाली. मालूबाई म्हणजे उखर्डूची बायको, रोज दुपारी त्याचा डबा घेऊन येते. पण मला तो पक्षीही दिसत नाही. माझ्या वाट्याला फलकाची पाठ. पत्रा.

साडेतीन वर्षं मी तो पत्रा बघते आहे. गंज आधी कोपऱ्यात आला, मग खाली उतरला. मला त्याचा एकेक पोपडा पाठ आहे. वरच्या अंगाला एक स्क्रू निसटला, तिथे भोक पडलं. सकाळी त्या भोकातून उजेडाचा एक ठिपका येतो, सरकतो, आणि जातो. तेवढं माझं आकाश. माझ्या मागच्या काचेपाशी कुंभारमाशीने मातीचं घर केलं. मी तिला हाकलू शकत नव्हते, आणि खरं सांगायचं तर हाकललंही नसतं. निदान कुणीतरी माझ्यापाशी येत होतं. मागून, डावीकडून, उजवीकडून पंखांचे आवाज येतात. पट्टकदंबांचे थवे हिवाळ्यात माझ्या डोक्यावरून जातात, त्यांचा आवाज मी ऐकते. दोनशे मीटरवरचं अंडं दाखवण्यासाठी मला घडवलं, आणि मला पाच हातांवरचा गंज दाखवला जातो.

लोक अजून चढतात. इतवाऱ्यातलं एक कुटुंब आलं होतं. पोराने डोळा लावला.

"पप्पा, नुसता पत्रा दिसतो."

"नीट बघ ना. पत्र्यावर बसला असेल."

सगळे हसले. मीही हसले असते.

आता ह्या वर्षाचं सांगते.

फाल्गुनात कळलं की बेटाचं सौंदर्यीकरण होणार. म्हणजे मशीनने गोटे सपाट करायचे, फरश्या बसवायच्या, छत्र्या लावायच्या, मोटारबोटीने लोक न्यायचे. पक्षी बघायलाच न्यायचे, बरं का! रंजिताने कागद मिळवून वाचले. त्यांत कुणा शहाण्याने एक ओळ लिहून ठेवली होती. 'बेटावर पक्ष्यांची वीण सुरू असल्याचे आढळल्यास पिल्ले उडेपर्यंत काम सुरू करू नये.' तुमच्या कागदांत, साहेब, मला आवडलेली ही एकच ओळ. कामाची तारीख होती सोळा मे.

एप्रिल सरता सरता सुरयांनी अंडी घातली. उखर्डूला दुर्बीण लागत नाही. पक्षी कसा बसलाय, उठतो कधी, जोडीदार पोटाची पिसं भिजवून अंड्यांसाठी पाणी कसं आणतो, यावरून तो सांगतो. पण त्याचं सांगणं तुम्हाला चालत नाही. रंजिता तुमच्याकडे गेली. परत येऊन तिने इथे मनोऱ्यावर तुमची हुबेहूब नक्कल केली, पेन टेबलावर आपटत. "मॅडम, पक्षी काय कहीं भी बैठते हैं. अंडं दाखवा. बेटावर जा, अंड्याशेजारी पट्टी ठेवा, फोटो काढा, आणा. सिंपल."

उखर्डूने ऐकलं आणि तो खाली बसला.

"काय झालं, काका?"

त्याने बेटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी गेलो होतो एक डाव. जवानीत. जाळं अडकलं होतं तिकडे, म्हटलं काढून आणू. वैशाखाचं ऊन. पाखरं उठली सगळी, माह्या डोक्यावर चकरा मारू राह्यली. अर्धा घंटा लागला मले, जास्त नही. येता येता एका अंड्याले हात लावला. भाजला हात. उकडेल होतं, पोरी. सगळीच्या सगळी. सांजेपर्यंत पाखरं त्यावर बसून होती, अन् मी काठावर बसून पाहत होतो. बापाने मले मारलं नही. बोललाच नही आठ दिवस."

मालूबाई डबा उघडता उघडता थांबली. एवढ्या वर्षांत तिलाही हे ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, फास कसा आवळला, बघा. अंडी आहेत हे सिद्ध केलं तर ती वाचतील. सिद्ध करायला बेटावर जावं लागेल. आणि बेटावर गेलं तर ती उकडतील. मोबाइलने काठावरून फोटो काढले तर पक्षी म्हणजे पांढरे ठिपके. बेटावर पाय न ठेवता अंडं दाखवू शकेल अशी तलावावर एकच वस्तू आहे, आणि तिचं तोंड पत्र्याकडे आहे.

रंजिताने अर्ज केला की वेल्डिंग कापू द्या. तुमचं उत्तर आलं. 'शासकीय मालमत्तेस हात लावल्यास कारवाई करण्यात येईल.'

उपाय मालूबाईने काढला. ती म्हणाली, "हिची मान वळत नही ना? मंग बेटच हिच्यासमोर आणा."

"बेट काय टोपलीत आणू का?" उखर्डू म्हणाला.

"तुमचं डोकं बी फिक्स करेल हाय का त्या साहेबानं? मी वेणी घालताना मागचं कसं पाहते?"

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या कपाटाचा हातभर आरसा काढून पदरात गुंडाळून आणला. कडेला रांगेने टिकल्या चिकटवलेल्या होत्या. रंजिता त्या खरवडायला लागली तर मालूबाई म्हणाली, "राहू दे, त्या रोजच्या आहेत. मधली काच पूस फक्त." केळीच्या क्रेटवर आरसा उभा केला, माझ्या आणि पत्र्याच्या मध्ये, तिरपा. रुमालाने बांधला. रंजिताने पिनेने कुंभारमाशीचं जुनं घर मोकळं केलं, ते केव्हाच रिकामं झालेलं होतं. उखर्डू आरसा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत होता. माझ्यातून गंज सरकला. कठडा सरकला. आकाश सरकलं.

आणि पाणी आलं.

मी काय सांगू तुम्हाला? साडेतीन वर्षांनी पाणी! थरथरतं, जरा धुरकट, पण पाणी. मग गोटे. मग तांबडे पाय. एक सुरय उठली, वळली, पुन्हा बसायच्या आधी तिने चोचीने पोटाखाली काहीतरी सारलं. तीन अंडी. मातकट, ठिपक्याठिपक्यांची.

"दिसली!" रंजिता ओरडली आणि लगेच तोंडावर हात ठेवला, कारण उखर्डूने तसं बघितलं होतं. तिने सत्तावीस वाट्या मोजल्या. मग उखर्डूने डोळा लावला. माझी मागची काच ओली झाली. त्याने सदऱ्याच्या टोकाने पुसली. मला अंबाल्याची ती ओढणी आठवली.

माझ्या काचेला मोबाइल लावून रंजिताने फोटो काढले आणि तुमच्याकडे नेले. साहेब, तुम्ही काय म्हणालात, ते तिने परत येऊन सांगितलं. "मंदिर डावीकडे कसं? आपल्या तलावात मंदिर उजवीकडे आहे. हा दुसऱ्या तलावाचा फोटो आहे." आरशात डावं उजवं होतं, हे तिने समजावून सांगितलं. तुम्ही ऐकलं नाही. तिने तुमच्यासमोरच मोबाइलवर फोटो सुलटा केला. मंदिर उजवीकडे आलं. तेव्हा तुम्ही खुर्चीत मागे रेललात आणि म्हणालात, "बघा! तुम्हीच माझ्यासमोर छेडछाड केली. एडिट केलेला पुरावा चालत नाही."

उलटा फोटो आपला नाही. सुलटा केला तर खोटा. ह्याला काय म्हणायचं, ते मला अंबाल्यात कुणी शिकवलं नाही.

तिने विनवलं, "सर, तुम्ही स्वतः या. डोळ्याने बघा. दहा मिनिटं." तुम्ही म्हणालात, "आरशातून पाहणी करायची तरतूद नाही."

बारा मेला तुम्ही आलात. मनोऱ्यावर नाही, पाहणीसाठी थेट काठावर. मला तुम्ही दिसला नाहीत, पण तुमचा आवाज पत्र्यावर आपटून माझ्यापर्यंत आला. ऊन असं की कठड्याला हात लागत नव्हता. होडी उखर्डूची, आणि पाण्याखालचे खडक फक्त त्याला ठाऊक.

"चला बाबा, होडी सरळ करा. बेटावर जाऊन येऊ. पंचनामा करतो. अंडी असली तर तुमचंच भलं."

"साहेब, सांजेले चला, ऊन उतरल्यावर. मी दुरून दाखवतो. होडीतून उतरायचं नही."

"संध्याकाळी मला मीटिंग आहे. आत्ता."

"आत्ता गेलो तर पंचनामा उकडेल अंड्यायचा होईल."

"बाबा, तुमची नोकरी आहे इथे. सोच लो."

मला वळायचं होतं. मी त्या खांबाला कधी एवढ्या शिव्या दिल्या नव्हत्या. मला फक्त उखर्डूचं तोंड बघायचं होतं.

मग त्याचा आवाज आला. अगदी साधा, भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसा.

"होडी पालथीच राहील, साहेब."

"लिखो," तुम्ही कारकुनाला म्हणालात. "पाहणीस सहकार्य मिळाले नाही. बेटावर घरटी आढळली नाहीत."

मालूबाई मध्येच बोलली, "जाऊनच पाह्यलं नही तर आढळतील कुठून? घरी बसून म्या बी लिहू का, की साहेबायच्या डोक्यात काही आढळलं नही?" कुणीतरी हसलं. तुम्ही हसला नाहीत. गाडीचं दार आपटलं. त्याच दिवसापासून उखर्डूला कामावरून कमी केलं. तरी तो रोज येतो. तलाव तुमच्या हजेरीपटावर नाही ना.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी आपली गोष्ट संपवताना तुम्हाला सांगायचं असतं की वस्तू जपा, त्यांची काळजी घ्या. मी तसं सांगणार नाही. मला फार जपलं गेलं आहे. कुणी मला वळवू नये म्हणून जपलं, बिघडवू नये म्हणून जपलं, हात लावू नये म्हणून जपलं. जपता जपता मला आंधळं केलं. तुम्ही वस्तू वापरा. नीट, आधी गुपचूप बसून, पण वापरा. आणि जो कुणी 'जपतो' म्हणेल, त्याला विचारा की कोणासाठी.

आता उरलं तुमच्याशी, साहेब.

आज चौदा मे आहे. सकाळी रितेश आलाय. परवा मशीन यायच्या आधी मोटारबोटींचा धक्का होणार तिथला काठावरचा जुना कठडा कापायचा आहे, म्हणून तुम्हीच त्याला पाठवलंय. त्याच्याकडे गॅसचा कटर आहे. आत्ता तो माझ्यापासून दोन हातांवर उभा आहे. पायऱ्यांवर उखर्डू बसलाय, मालूबाई आरसा मांडीवर घेऊन. रितेशने माझ्या मानेवरचं आपलंच जुनं वेल्डिंग बोटाने चाचपलं आणि म्हणाला, "काकू, मैंने ही मारा था ये. दो मिनिट का काम है. पण ऑर्डर लागते. माझं लायसन जाईल."

रंजिताने तुम्हाला फोन लावला. तुम्ही उचलला नाहीत. पुन्हा लावला. पुन्हा नाही. ती आता तुमच्या दाराशी जाऊन उभी आहे. हातात माझी मान मोकळी करायच्या हुकमाचा एकाच ओळीचा कागद आहे, सहीची जागा रिकामी ठेवून.

आरसा नको, सुलटं-उलटं नको, होडी नको. माझी मान सोडवा, मला उत्तरेकडे वळवा, आणि तुमचा डोळा लावा. टोपण उखर्डूने काढून ठेवलेलंच आहे. सत्तावीस वाट्या आहेत. त्यांतली पहिली पिल्लं ह्याच आठवड्यात अंड्यांतून बाहेर येतील, महिन्याभरात उडतील. मग आणा तुमच्या फरश्या, तेव्हा आपण पुन्हा भांडू.

आणि नसेल बघायचं, तर तसंही सांगा. पण तोंडाने सांगा, सही करून सांगा. 'आढळली नाहीत' हे उत्तर नव्हे. जो बघायलाच गेला नाही, त्याला काय आढळणार?

रितेशने कटर पेटवलाय. निळी जीभ फुरफुरते आहे. तो खाली कठड्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, मग रस्त्याकडे. उखर्डू उठून उभा राहिलाय.

साहेब, हा कटर आधी कुठे चालणार? बोला.